चंबा: देवळं की मणिमहेश? दोन्ही, पण रावीच्या काठाने सावकाश वर

आधी प्रश्न थोडक्यात. मुंबईचं कुटुंब, चौघं जण. नवरा-बायको तिशीतले आणि सह्याद्रीत नियमित फिरणारे, सोबत ६४ आणि ६८ वर्षांचे आई-बाबा. हाताशी दहा दिवस. हिमाचलमधला चंबा जिल्हा ठरला आहे. बाबांना जुनी देवळं बघायची आहेत आणि धाकट्यांना मणिमहेश या शिवाच्या पवित्र तळ्याचा ट्रेक करायचा आहे. एजंटने दिलेला कार्यक्रम असा: डलहौसीत चार मुक्काम, खज्जियार, चंब्याची देवळं अर्ध्या दिवसात, आणि मग चौघांनी हेलिकॉप्टरने मणिमहेश, तोही ऐन यात्रेत, जन्माष्टमीच्या पुढच्या आठवड्यात. हा कार्यक्रम घ्यावा का?

घेऊ नका. डलहौसी वाईट आहे म्हणून नव्हे. या कार्यक्रमात जिल्ह्याचा क्रमच उलटापालटा झालाय म्हणून. मी बरीच वर्षं या खोऱ्यात माणसं घेऊन जातो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: चंबा शहरातून निघा, रावीच्या काठाने वर सरकत भरमौरला या, तिथे थांबा, मग हडसर, मग डल. मणिमहेशच्या तळ्याला तिकडे सगळे डलच म्हणतात. या क्रमाचे दोन फायदे आहेत. शरीराला उंचीची सवय आपोआप होत जाते. आणि देवळं बघताना तुम्ही काळात मागे मागे जाता: चंब्यात दहावं शतक, वर छतराडी-भरमौरला सातवं-आठवं. म्हणजे बाबांची सहल आणि तुमचा ट्रेक एकच रस्ता आहे. त्यांचे दोन वेगळे तुकडे करायची गरजच नाही.

आता तारखांचं. यात्रा जन्माष्टमी ते राधाष्टमी चालते. पहिल्या दिवशीच्या स्नानाला छोटा न्हौण म्हणतात, शेवटच्या दिवशीच्याला बडा न्हौण. श्रद्धेने त्या स्नानासाठीच जाणाऱ्याला मी कधी अडवत नाही. वाटेवर लंगर असतात, ओळख ना पाळख पण माणसं हाताला धरून चहा पाजतात, रात्रभर शिवाचा जयघोष चालू असतो. तो अनुभव वेगळाच. पण तुम्हाला देवळं निवांत बघायची आहेत आणि सोबत वयस्कर माणसं आहेत. हे दिवस भर पावसाचे असतात आणि चंबा-भरमौर रस्ता ठिसूळ डोंगर कापून नेलेला आहे. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अतिवृष्टीने हा रस्ता ठिकठिकाणी तुटला, यात्रा थांबवावी लागली आणि हजारो यात्रेकरू भरमौरच्या बाजूला अडकले. कित्येक जण पायी चंब्याकडे निघाले, बऱ्याच जणांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. काही जणांचे जीवही गेले. दरवर्षी असं होतंच असं नाही, पण दरड कोसळून एखाद-दोन दिवस अडकणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या दहा दिवसांत त्याला जागा नाही.

माझं मत विचाराल तर राधाष्टमी होऊन आठ-दहा दिवस गेले की निघा आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा संपायच्या आत परत फिरा. अधिकमास आला की राधाष्टमी सप्टेंबरात बरीच पुढे सरकते, म्हणून आधी पंचांग बघा आणि मग तिकिटं काढा. सप्टेंबरअखेर हिमाचलातून पाऊस माघार घेतो, हवा धुऊन निघालेली असते आणि सकाळी तळ्यामागचं मणिमहेश कैलास शिखर लख्ख दिसतं. मोबदल्यात थंडी सोसावी लागते आणि वरची बहुतेक दुकानं-तंबू आवरलेले असतात. त्यामुळे भरमौरहून स्थानिक गाईड, तंबू आणि स्वयंपाकी घेऊनच वर जा. भरमौरला मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचं उपकेंद्र आहे. वाटेची ताजी अवस्था तिथे विचारा, हॉटेलवाल्याला नाही. जूनच्या उत्तरार्धातही जाता येतं, पण तेव्हा वरच्या टप्प्यात बर्फ असू शकतो आणि तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांना सप्टेंबरच सोपा.

पोहोचायचं पठाणकोटमार्गे. पुण्याची झेलम एक्सप्रेस आणि वांद्र्याची स्वराज एक्सप्रेस पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसाला पठाणकोट कँटला उतरवत आल्या आहेत. अलीकडे त्या बाजूच्या गाड्यांचं वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा बुकिंगआधी खात्री करा. पठाणकोट ते चंबा साधारण १२० किलोमीटर, बनीखेतवरून. अंतर बघून तीन तास धरू नका, पाच धरा. आणि अंधारात हा रस्ता करू नका. गाडी संध्याकाळी पोहोचत असेल तर पठाणकोटलाच झोपा.

चंब्यात दोन रात्री. शहर हजारेक मीटर उंचीवर, रावीच्या उजव्या काठावर. राजा साहिल वर्मनने साधारण सन ९२०च्या सुमारास भरमौरहून राजधानी इथे हलवली आणि मुलगी चंपावतीच्या नावाने शहर वसवलं असं मानतात. मधोमध चौगान नावाचं मोठं हिरवं मैदान आहे, तिथून सगळं चालत होतं. लक्ष्मीनारायण मंदिर समूहात सहा दगडी शिखरं एका ओळीत उभी आहेत. आपल्याकडची शिखरं बघितलेल्या माणसाची नजर लगेच वर अडकते, कारण दगडी शिखरांवर लाकडी छत्र्या बसवलेल्या आहेत. बर्फ आणि पाऊस सरळ दगडावर बसू नये म्हणून. मैदानी घडणीचं देऊळ पहाडात आलं आणि त्याने तिथली टोपी घातली. बाबांना इथे सकाळच्या आरतीला न्या, दुपारी फरशी तापलेली असते.

चौगानाजवळ हरिराय मंदिर आहे. छोटं, पुष्कळ जण बाहेरूनच जातात. आत विष्णूची वैकुंठ रूपातली कांस्यमूर्ती आहे: मधलं मुख माणसाचं, बाजूंना सिंह आणि वराह. १९७१मध्ये ही मूर्ती चोरीला गेली होती आणि परदेशी जाण्याआधी मुंबईत हाती लागली. मुंबईच्या माणसाने तरी तिच्यापुढे दोन मिनिटं जास्त थांबावं असं मला वाटतं. फोटोचा आग्रह धरू नका. या चोरीनंतर पुजारी सावध असतील तर त्यात त्यांचं चुकत नाही.

भुरी सिंह संग्रहालय १९०८चं आहे, सोमवारी बंद असतं. लोक तिथे चंबा रुमाल बघायला जातात आणि ते योग्यच आहे. न पिळलेल्या रेशमी धाग्याने केलेलं भरतकाम, कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, उलट-सुलट कळत नाही. पण त्याबरोबर पनघट शिलाही बघा. गेलेल्या माणसाच्या पुण्यासाठी पाणवठ्यावर बसवलेले हे कोरीव दगड; वरुण आणि नद्या त्यांवर कोरलेल्या. पाण्याला इतका मान देणाऱ्या खोऱ्यातच पुढे रावी कोरडी पडलेली दिसेल. जलविद्युत प्रकल्पांनी नदी जागोजागी बोगद्यांत घातली आहे. चमेरा, मग त्याचे पुढचे टप्पे, वर बुधिल. काही पट्ट्यांत पात्रात नुसते गोटे. हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं. आई-बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘हीच का ती रावी’ असं विचारतील.

चामुंडेच्या देवळाला बऱ्याच पायऱ्या आहेत, गाडीनेही जवळ जाता येतं. लाकडी कोरीवकाम आणि वरून सगळं शहर. गुडघे दुखत असतील तर गाडीच घ्या.

तिसऱ्या दिवशी भरमौर. सरळ गेलात तर साठ-पासष्ट किलोमीटर, तीन-चार तास. पण वाटेत फाटा घेऊन छतराडीला जा, एजंट हे कधीच सुचवत नाहीत. वरच्या गावात शक्तिदेवीचं देऊळ आहे: उतरतं छप्पर, लाकूड आणि दगडाच्या भिंती, आणि आत सडपातळ, उभी, हाती भाला घेतलेली कांस्याची देवी. मूर्तीवरचा लेख राजा मेरु वर्मनचं नाव सांगतो आणि कारागिराचंही: गुग्गा. आपल्या देशात तेराशे वर्षांपूर्वीच्या किती कारागिरांची नावं आपल्याला माहीत आहेत? गावात त्याची कथा सांगतात. एका राण्याने, म्हणजे स्थानिक सरदाराने, त्याच्याकडून सुंदर घर बांधून घेतलं आणि तसं दुसरं कुणाला बांधू नये म्हणून त्याचा हात तोडला. देवीने तो हात परत दिला आणि स्वतःचं देऊळ बांधून घेतलं. काम पुरं होतानाच तो छपरावरून पडला. कथा खरी-खोटी काहीही असो, त्या देवळात उभं राहून ऐकली की विसरत नाही.

भरमौर साधारण २१०० मीटरवर. इथे दोन रात्री काढा, आणि हा मुक्काम कापू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. चौरासी हे गावाचं अंगण आहे. मुलं तिथेच खेळतात, म्हाताऱ्या उन्हात बसून लोकर कातत असतात आणि भोवती लहानमोठी देवळं. साहिल वर्मनच्या काळात इथे आलेल्या ८४ सिद्धांवरून हे नाव पडलं असं सांगतात. मधोमध मणिमहेश मंदिराचं उंच दगडी शिखर, समोर पितळी नंदी. गणपतीच्या कांस्यमूर्तीचे पाय भंगलेले आहेत. जुन्या आक्रमणात देऊळ जळालं तेव्हाची ती खूण मानतात. कोपऱ्यात धर्मेश्वराचं देऊळ. मेलेल्या प्रत्येक जीवाला पुढे जाण्याआधी इथे हजेरी द्यावी लागते अशी गद्दी लोकांची, म्हणजे इथल्या धनगरांची, श्रद्धा आहे. आईंना घेऊन जाल तेव्हा पुजाऱ्याकडून ते नीट ऐकून घ्या. घाईने मोबाईल काढून निघू नका.

पण माझा जीव लक्षणादेवीच्या देवळात आहे. बाहेरून ते साधं घर वाटतं, जाड भिंती, उतरतं छप्पर, बस. दाराशी या आणि तिथेच थांबा. चौकटीच्या आत चौकट, तिच्या आत आणखी चौकट, प्रत्येकीवर वेगळं कोरीवकाम. खाली दोन बाजूंना गंगा-यमुना. लाकूड पावसा-थंडीने इतकं उगाळलं गेलंय की काही चेहऱ्यांचे नुसते उंचवटे उरलेत, आणि तरी अंगाचा बाक, वस्त्राची चुणी अजून स्पष्ट आहे. वर त्रिकोणी पाख्यात विष्णू. सकाळचं तिरकं ऊन पडतं तेव्हा हे सगळं उठून दिसतं, दुपारी सपाट होतं. आत महिषासुरमर्दिनी. पाय रेड्याच्या डोक्यावर, एका हाताने त्याचं शेपूट धरून मागचं धूड उचललेलं, त्रिशूळ मानेत. त्या मारण्यात राग दिसत नाही, चेहरा शांत आहे. पायथ्याच्या लेखात पुन्हा तोच गुग्गा. छतराडी आधी बघून आलेला माणूस इथे हे नाव ऐकतो तेव्हा त्याला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं होतं. क्रमाचा आग्रह मी यासाठीही धरतो.

दुसऱ्या दिवशी भरमाणी माता. मणिमहेशला जाण्याआधी तिच्या कुंडात स्नान करायची रीत आहे. आई-बाबा जीपने बऱ्याच वरपर्यंत जाऊ शकतात. तुम्ही दोघं गावातून चढत जा. रीतही पाळली जाते आणि उंचावर जाऊन खाली येऊन झोपण्याचा सरावही होतो. पूर्वीच्या लोकांनी ही रीत उंचीचा विचार करून घातली की नाही, कोण जाणे, पण शरीराला ती अगदी मानवते.

आता मणिमहेश. हडसर भरमौरहून तेरा किलोमीटर, तिथपर्यंत गाडी. हडसर ते डल पुन्हा साधारण तेरा किलोमीटर पायी, आणि डल ४०८० मीटरवर. चढण सतराशे मीटरच्या पुढे आहे. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, म्हणजे अरबी समुद्रात पाय बुडवून कळसूबाईचं शिखर गाठण्याहून जास्त. म्हणून एका दिवसात वर आणि परत, हे करू नका. स्थानिक लोक करतात, ते जन्मापासून तिथे राहतात.

पहिल्या दिवशी हडसर ते धन्छो. नाल्याच्या काठाने चांगली वाट आहे, धन्छोजवळ मोठा धबधबा. भस्मासुर मागे लागला तेव्हा शिव याच धबधब्याआड लपला असं सांगतात. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघा, सुंदरासी, गौरीकुंड करत सकाळी उन्हं वर यायच्या सुमारास डलवर पोहोचा, दर्शन घ्या, दुपारच्या आत परतीला लागा आणि झोपायला पुन्हा धन्छोला या. दुपारनंतर ढग येतात, कैलास झाकला जातो आणि वारा झोंबतो. धन्छोच्या पुढे बंदरघाटीची उभी वाट आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. वळणावळणाची लांबची वाट घ्या.

सह्याद्रीतल्या दमदार माणसांना मी एक गोष्ट खास सांगतो. चांगला दम आणि उंची सोसणं यांचा संबंध नाही. राजगड-तोरणा एका दिवसात करणारा पोरगा वर वांत्या करत बसलेला आणि पन्नाशीच्या बाई शांतपणे पुढे गेलेल्या, हे मी पुष्कळदा पाहिलंय. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी पळतो आणि म्हणूनच सापडतो. डोकं दुखणं, अन्न नको वाटणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, थांबायचं, पाणी प्यायचं. तासाभरात बरं वाटलं नाही तर खाली. आणि माणूस जमिनीवरच्या सरळ रेषेत, टाचेपुढे पाऊल टाकत चालू शकला नाही, बरळू लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो, पाऊस असो, त्याच क्षणी खाली उतरवायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. दुखणं दाबायला गोळी खाऊन वर चढणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार.

हेलिकॉप्टरला माझा विरोध आहे तो याच कारणाने. भरमौरहून काही मिनिटांत २१०० मीटरवरून चार हजारांवर. शरीराला काही कळायच्या आत तुम्ही गौरीकुंडाशी उतरलेले आणि पुढे डलपर्यंत चढ चालायचा. ढग आले की परतीचं उड्डाण लांबतं आणि तुम्ही वर अडकता. ६८ वर्षांच्या माणसाला, त्यातून रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर, मी हे कधीच सुचवणार नाही. यात्रेनंतर ही सेवा नसतेच, म्हणजे प्रश्न आपसूक मिटला.

मग आई-बाबांनी काय करायचं? तुम्ही वर असाल ते दिवस त्यांनी भरमौरलाच राहावं. तब्येत उत्तम असेल तर एक दिवस गाडीने कुगतीच्या बाजूला जावं. कुगतीच्या पुढे कार्तिकस्वामींचं, स्थानिक भाषेत केलंगचं, देऊळ आहे. तिथे थोडं चालावं लागतं, तेवढं जमत नसेल तर गावापर्यंतच. हे देऊळ नोव्हेंबरअखेर बंद होतं ते बैसाखीला उघडतं. बंद करताना आत पाण्याचा कलश भरून ठेवतात, आणि उघडल्यावर त्यात किती पाणी उरलं यावरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. बाबांना हे ऐकायला आवडेल.

डलवर देऊळ नाही. काठावर उघड्यावर संगमरवराचा चौमुखी शिव, झेंडे, त्रिशूळ, आणि समोर ५६५३ मीटरचा कैलास. त्या शिखरावर कुणी पोहोचलेलं नाही आणि पोहोचू नये अशीच इथल्यांची इच्छा आहे. १९६८मध्ये महिलांच्या एका भारत-जपान मोहिमेने प्रयत्न केला होता, तोही अपुरा राहिला. तळ्याला प्रदक्षिणा घाला, पण साबण, प्लास्टिक, जुने कपडे तिथे सोडू नका. यात्रेनंतर तिथे साचलेला कचरा बघवत नाही. येताना दोन पिशव्या भरून खाली आणल्यात तर ती पूजाच समजा.

सप्टेंबरअखेर गद्दी धनगर वरच्या कुरणांतून खाली उतरत असतात. शेकडो शेळ्या-मेंढ्या वाट अडवतात. अशा वेळी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, आणि कळप जाऊ द्यायचा. कळपातून वाट काढू नका. त्यांचे कुत्रे मोठे, केसाळ, गळ्यात बिबट्यापासून वाचायला काटेरी पट्टे. ते तुमच्याशी खेळायला आलेले नसतात. धनगर हाक मारून त्यांना थांबवेपर्यंत जागचे हलू नका. एरवी हे लोक अतिशय मायाळू, आगीजवळ बसवून चहा देतील. त्याचे पैसे पुढे केलेत तर राग येईल. बिस्किटाचा पुडा, चहापत्ती चालते.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि आधी दोन महिने वापरलेले हवेत. काठ्या दोन, उतरताना गुडघे वाचतात. जीन्स नको. रोख पैसे चंब्यातच काढा. दुखलं-खुपलं तर चंब्याला सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, भरमौरला छोटं रुग्णालय, हे लक्षात असू द्या.

दिवस असे बसतील: पठाणकोटहून चंबा, दुसरा दिवस चंब्यात, तिसरा छतराडी करून भरमौर, चौथा चौरासी आणि भरमाणी, पाचवा धन्छो, सहावा डल, सातवा परत भरमौर, आठवा चंबा. नववा दिवस राखीव ठेवा, रस्ता बंद पडला तर तो कामाला येतो. नाहीच लागला तर परतीच्या वाटेवर खज्जियारला थांबा. तिथलं खज्जी नागाचं लाकडी देऊळ बघा, त्या मैदानापेक्षा ते जास्त मोलाचं आहे. पांगी आणि साच खिंड या सहलीत कोंबू नका, तो वेगळा आणि मोठा प्रवास आहे. चंब्याच्या बाजारातून चुख घ्या, तिथलं लाल मिरचीचं तिखटजाळ लोणचं. बाटली नीट बांधून घ्या आणि दहाव्या दिवशी उजेडातच पठाणकोट गाठा.